जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस दुरुस्तीला काढली आहे, मग सस्पेन्शनमध्ये काय बदलावं?

पंधरा-वीस वर्षं चाललेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्या पुढच्या चाकांकडून खडखड येऊ लागली की गॅरेजमधलं निदान बहुतेक वेळा ठरलेलं असतं. लोअर आर्मचे (चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, फाटलेत, स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेल्या खांबाचं) माउंटिंग बसलंय, शॉकअप तेल सोडतोय. गाडी रॅम्पवर चढलेली असते, चाकं उतरलेली असतात, मजुरी तर द्यायचीच असते. अशा वेळी मालकाच्या मनात येतंच की मूळचेच पार्ट कशाला, जरा वरच्या दर्जाचे टाकून घेऊ. हा विचार अगदी रास्त आहे. सस्पेन्शनच्या कामात उघडण्या-जोडण्याची मेहनत मोठी असते आणि ती एकदाच करावी लागली तर पैसे आणि गाडी दोन्ही वाचतात. प्रश्न एवढाच की ‘वरचा दर्जा’ म्हणजे काय, याचं उत्तर प्रत्येक पार्टागणिक बदलतं. एका बुशाच्या जागी कडक बुश टाकला तर स्टिअरिंग जिवंत होतं, दुसऱ्या बुशाच्या जागी तेच केलं तर गाडीचा स्वभाव बिघडतो.

ही गाडी उदाहरणाला घेण्याचं कारण आहे. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली आणि आपल्याकडे मोठ्या जर्मन गाड्यांचं चालवणं मध्यमवर्गाच्या थोडं जवळ आलं. तिची व्हीआरएस आवृत्ती म्हणजे १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच असे एकूण २० व्हॉल्व्ह आणि १५० अश्वशक्ती. युरोपातल्या व्हीआरएसला १८० होती, तरी इथल्या रस्त्यांवर त्या काळात १५० पुष्कळ होती. आज या गाड्या जुन्या बाजारात मिळतात, हौसेने सांभाळल्या जातात, आणि बऱ्याच जणांनी इंजिनावर खर्च करून सस्पेन्शन मात्र आहे तसंच ठेवलेलं असतं. हे मला पटत नाही. या गाडीची मजा सरळ रस्त्यावरच्या वेगापेक्षा ताम्हिणीच्या वळणांत जास्त आहे, आणि वळणातला भरवसा इंजिन देत नाही.

आणखी एक सोय आहे. पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया, चौथ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ, पहिली ऑडी ए३ आणि पहिली ऑडी टीटी या सगळ्या एकाच पायावर बांधलेल्या गाड्या. त्यामुळे एकीचे कित्येक पार्ट दुसरीला बसतात आणि कोणता बदल चांगला, कोणता फसवा, याचा अनुभव जगभर साठलेला आहे.

सस्पेन्शनचं खरं काम टायर रस्त्याला चिकटून ठेवण्याचं आहे. आराम हे दुसरं काम. ब्रेक, वळण, पिकअप, जे काही घडतं ते चार टायरच्या तळहाताएवढ्या चार जागांतून घडतं. चाक खड्ड्यात गेलं, उंचवट्यावर चढलं, गाडी वळणात कलली, तरी त्या चार जागांवरचा दाब जितका कमी चढ-उतार करेल तितकी पकड टिकते. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप स्प्रिंगची उसळी शांत करतो. स्टॅबिलायझर बार डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं कमी करतो. बुश आणि बॉल जॉइंट चाकाला त्याच्या ठरलेल्या मार्गावरून हलू देतात आणि बाकीच्या दिशांना रोखतात. या चौघांचं गणित कारखान्यात एकमेकांशी जुळवलेलं असतं, म्हणून एकाला हात लावला की बाकीच्यांकडे बघावं लागतं.

स्प्रिंगचा कडकपणा कसा मोजायचा हे समजलं की पुढचं बरंच सोपं जातं. समजा पुढच्या एका चाकावर ३५० किलो वजन आहे आणि चाकाजवळ मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २५ न्यूटन आहे, म्हणजे स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन जोर लागतो. अशी गाडी मोकळी सोडली तर सेकंदाला साधारण १.३५ वेळा वर-खाली होईल. घरगुती गाड्या साधारण १ ते १.५ च्या दरम्यान असतात. तीच स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक केली तर आकडा १.५३ होतो. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण कंबरेला तो लगेच कळतो. २ च्या पुढे गेलं की गाडी ट्रॅकची होते आणि आपल्या रस्त्यांवर रोज वापरणं शिक्षा ठरते.

जुन्या गाडीची अडचण अशी की ती हळूहळू बिघडते. रबर वर्षानुवर्षं उन्हाने, तेलाने, नुसत्या वयाने कडक होतं, भेगाळतं, शेवटी धातूपासून सुटतं. शॉकअपमधलं तेल जुनं होतं, सील झिजतात, आतल्या व्हॉल्व्हच्या पट्ट्या थकतात. रोज चालवणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण त्याचा हात त्या बदलाबरोबर सवय लावून घेतो. म्हणूनच बोनेटवर जोर देऊन गाडी किती वेळा हलते ते बघण्याची जुनी चाचणी पुरेशी नाही. पूर्ण मेलेला शॉकअप तिच्यात सापडतो, अर्धा गेलेला सापडत नाही. ८० च्या वेगाने एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटच्या सांध्यांवर गाडी तरंगल्यासारखी वाटत असेल किंवा जोरात ब्रेक मारल्यावर नाक खाली जाऊन पुन्हा एक झोका देत असेल, तर शॉकअप गेलाय समजा.

यातून माझं ठाम मत बनलं आहे. मूळ अवस्थेतली व्हीआरएस कशी चालायची हे बहुतेक मालकांना माहीतच नसतं, कारण त्यांनी ती दमलेलीच विकत घेतली. अशा गाडीत सरळ कडक स्प्रिंगा टाकल्या तर झालेला फरक स्प्रिंगचा की नव्या बुशांचा, हे कधीच कळणार नाही. रबर आणि शॉकअप नवे केल्यावरच गाडी आणखी कडक हवी आहे का हा प्रश्न विचारता येतो. आणि पुष्कळदा उत्तर ‘नको’ असं येतं.

आता एकेक पार्ट घेऊ.

बुशांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो. लोअर आर्मला दोन बुश असतात. त्यातल्या मागच्या बुशात मूळ गाडीत मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, जेणेकरून खड्ड्याचा मागे ढकलणारा धक्का रबर गिळेल आणि आत बसलेल्याला जाणवणार नाही. याची किंमत ब्रेक मारताना द्यावी लागते. चाक थोडं मागे सरकतं, स्टिअरिंग किंचित ढिलं वाटतं. ऑडी टीटीमध्ये याच जागी भरीव रबराचा बुश आहे आणि तो ऑक्टाव्हियाच्या आर्ममध्ये प्रेस करून बसवता येतो. मला विचाराल तर या गाडीवरचा हा सर्वांत शहाणा बदल आहे. तो रबरच असतो, त्याला ग्रीस लागत नाही, आवाज करत नाही आणि ब्रेकखाली गाडीचं नाक जागेवर राहतं. जुना बुश काढून नवा बसवायला प्रेस लागतेच, त्यामुळे मजुरी मूळ बुशाएवढीच.

पॉलियुरेथेनचे रंगीत बुश पुष्कळ विकले जातात. रबराचा बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो, आर्म हलला की रबर स्वतः पिळतं आणि परत येतं. पॉलीचा बुश नळीवर फिरतो, म्हणून त्याला योग्य ग्रीस लागतं, आणि ते पावसाळ्याच्या चिखलपाण्यात धुऊन गेलं की करकर सुरू होते. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला पॉली शोभतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत समोरच्या आर्मांना तो टाकून केबिनमध्ये गुणगुण ओढवून घेण्यात अर्थ नाही, टीटीचा बुश तेच काम शांतपणे करतो.

मागच्या ॲक्सलच्या दोन मोठ्या बुशांना तर मी पॉली कधीच सुचवणार नाही. व्हीआरएसच्या मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच लवचीक आडव्या तुळईला जोडलेली. वळणात बाहेरच्या चाकावर बाजूचा जोर आला की ही तुळई वाकडी होऊन चाकं गाडीला वळणाच्या आत फिरवू पाहतात, मागची बाजू सुटल्यासारखी होते. फोक्सवॅगनच्या अभियंत्यांनी यावर उपाय म्हणून ते दोन बुश तिरके बसवले आणि त्यांच्या रबराला वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा कडकपणा दिला. जोर आला की ॲक्सल थोडा बाजूला सरकतो आणि चाकांची दिशा आपोआप सावरली जाते. सगळीकडे सारखा कडक गोल बुश टाकला की ही योजना मोडते. इथे उत्तम प्रतीचा मूळ पद्धतीचा रबरी बुशच हवा.

बुश कोणताही असो, एक चूक गॅरेजमध्ये इतक्या वेळा होते की ती वेगळी सांगितली पाहिजे. गाडी रॅम्पवर असताना चाकं खाली लोंबकळत असतात. त्याच अवस्थेत आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले तर चिकटवलेलं रबर त्या लोंबत्या स्थितीत पक्कं होतं. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लावून घ्यायचे, चाकावर गाडीचं वजन येईल असा जॅक आर्मखाली द्यायचा, आणि मगच टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. या गाडीत लोअर आर्मचे बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर आणखी ९० अंश फिरवायचे असतात. त्यात ते ताणले जातात, म्हणून प्रत्येक वेळी नवे घ्यायचे. मेकॅनिक जुनेच परत लावत असेल तर आधीच थांबवा.

स्ट्रट काढण्यातही एक बारकावा आहे. ऑक्टाव्हियात स्ट्रटची नळी चाकाच्या नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या भागात, घट्ट शिरलेली असते आणि नकलला एक फट असते. ती फट रुंद करायला एक छोटं हत्यार मिळतं. ते नसेल तर छिन्नी ठोकून नकल वाकडं करणारे गॅरेजवाले मिळतात. काम देण्याआधी एवढं विचारलं तरी समोरच्याला ही गाडी माहीत आहे की नाही ते समजतं. आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर चांगल्या प्रतीचा हवा. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो, त्यामुळे हे काम घरच्या अंगणात भाड्याच्या ढिल्या कॉम्प्रेसरने करू नका.

स्ट्रट एकदा बाहेर आला की वरचं माउंटिंग, त्यातली बेअरिंग, बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबू न देणारा ठोकळा) आणि धुळीचं बूट न बोलता नवे घ्या. हे पार्ट स्वस्त आहेत आणि सहा महिन्यांनी त्यातला एखादा वाजला तर पूर्ण मजुरी पुन्हा द्यावी लागते. लिंक रॉड, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड तेव्हाच हलवून बघा. ड्राइव्ह शाफ्टचे बूट फाटलेत का तेही त्याच वेळी दिसतं.

शॉकअप आतून कसा चालतो ते समजायला पिचकारी पुरेशी आहे. हळू दाबली तर पाणी सहज निघतं, जोरात दाबली तर हाताला विरोध होतो. शॉकअपमध्येही तेल बारीक छिद्रांतून आणि व्हॉल्व्हमधून जातं, आणि विरोध दांड्याच्या वेगावर ठरतो. हा वेग म्हणजे गाडीचा वेग नव्हे. वळणात गाडी कलते तेव्हा दांडा सावकाश सरकतो, आणि तिथे भरपूर विरोध हवा म्हणजे गाडी आटोक्यात राहते. खड्ड्यावर दांडा झपकन आत जातो, आणि तिथे व्हॉल्व्ह उघडून तेलाला वाट मिळाली पाहिजे, नाहीतर धक्का सरळ पाठीत येतो. चांगल्या आणि साध्या शॉकअपमधला फरक इथेच आहे. म्हणून ‘हा शॉकअप कडक आहे’ एवढ्या वाक्यावरून काहीच समजत नाही. कुठे कडक, ते महत्त्वाचं.

साध्या शॉकअपमध्ये दोन नळ्या असतात, आणि बाहेरच्या नळीत तेलाबरोबरच हवा किंवा वायू असतो. खराब रस्त्यावर बराच वेळ चालवलं की तेल तापतं, फेसाळतं आणि विरोध गळून जातो. घाट उतरून झाल्यावर गाडी पोचट वाटते त्यामागे हे एक कारण असतं. मोनोट्यूब शॉकअपमध्ये एकच जाड नळी असते आणि दाबाखालचा नायट्रोजन एका तरंगत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो. तेल फेसाळत नाही, उष्णताही सरळ बाहेर जाते. बिलस्टाइन या शॉकअप बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत बी४ म्हणजे मूळ दर्जाचा बदली पार्ट, बी६ म्हणजे मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी सुधारलेला मोनोट्यूब आणि बी८ म्हणजे तोच, पण खाली केलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. मूळ स्प्रिंगा ठेवून बी६ दर्जाचा शॉकअप ही जोडी मला आपल्या रस्त्यांसाठी सर्वांत योग्य वाटते. उंची तीच राहते, स्पीडब्रेकरवर पोट घासत नाही, आणि गाडीचं अंग आवरलेलं वाटतं.

स्प्रिंगा ३० टक्के कडक केल्या तर तोच तोल राखायला शॉकअपचा विरोध साधारण १४ टक्के वाढवावा लागतो. दमलेल्या मूळ शॉकअपवर कडक स्प्रिंगा बसवणं म्हणजे आधीच कमी पडणाऱ्यावर जास्त ओझं टाकणं. गाडी कडकही होते आणि उड्याही मारते. स्प्रिंगा स्वस्त आणि शॉकअप महाग, म्हणून हा घोळ फार होतो.

गाडी खाली करण्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेकांना सस्पेन्शन अपग्रेड म्हणजे तेवढंच वाटतं. गुरुत्वमध्य खाली आला की वळणात वजन कमी सरकतं, हे खरं आहे. पण व्हीआरएसच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे आणि त्याची एक मर्यादा आहे. मूळ उंचीवर लोअर आर्मचं चाकाकडचं टोक थोडं खाली झुकलेलं असतं. गाडी वळणात कलून दबते तेव्हा हा आर्म आडवा होत जातो, चाकाचा तळ बाहेर ढकलला जातो, आणि टायर रस्त्यावर सपाट राहायला मदत होते. गाडी ४० मिलिमीटर खाली केली की आर्म उभ्या गाडीतच आडवा झालेला असतो. आता गाडी आणखी दबली की चाकाचा तळ आत ओढला जातो, टायर बाहेरच्या कडेवर जातो, म्हणजे नेमकी जिथे पकड हवी तिथे ती कमी होते.

दुसरी गोष्ट आणखी फसवी आहे. गाडी वळणात ज्या बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. तो कुठे असेल हे आर्मच्या कोनावर ठरतं. गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर खाली आला तर पुढचं रोल सेंटर त्याहून बरंच जास्त खाली जातं. दोघांतलं अंतर वाढतं, आणि कलायला लावणारी तरफ लांब होते. म्हणजे मूळ कडकपणाच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली केली तर ती दिसायला रेसची होते आणि वळणात आधीपेक्षा जास्त कलते. वरून बंप स्टॉपपर्यंतची मोकळी जागा अर्धीमुर्धी संपलेली असते. चाकाने स्टॉप गाठला की स्प्रिंग एकदम कित्येक पट कडक झाल्यासारखी होते, आणि वळणाच्या मध्यात खड्डा आला तर पुढची पकड झटक्यात सुटते. कापलेल्या स्प्रिंगा कुणी सुचवल्या तर ते गॅरेज सोडा. २० ते २५ मिलिमीटर खाली, थोड्या कडक, नामांकित कंपनीच्या स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीचा आखूड शॉकअप, यापुढे रस्त्यावरच्या व्हीआरएसने जाऊ नये.

स्टॅबिलायझर बारमध्ये थोडी जाडी फार मोठा फरक करते, कारण भरीव बारचा पिळाला विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा बार २२ चा केला की तो ४६ टक्के कडक होतो. पण बार एकूण सरकणारं वजन कमी करत नाही. ते ठरतं गुरुत्वमध्याच्या उंचीवर, चाकांमधल्या रुंदीवर आणि वळणाच्या जोरावर. बार फक्त ते वजन पुढच्या आणि मागच्या चाकांत कसं वाटायचं ते ठरवतो. व्हीआरएसचं नाक जड आहे, म्हणून वेगात ती वळणाबाहेर ओढते. मागचा बार कडक केला की मागची चाकं जास्त वाटा उचलतात, पुढच्यांना मोकळीक मिळते आणि गाडी वळणात नीट शिरते. परिणाम लगेच जाणवतो, म्हणून हा बदल लोकप्रिय आहे.

इथे ऑडी टीटीची हकीकत आठवावी. याच पायावरची ती गाडी १९९८ मध्ये बाजारात आली आणि जर्मनीच्या ऑटोबानवर अतिवेगात लेन बदलताना किंवा वळणात ॲक्सलरेटरवरून अचानक पाय काढल्यावर मागची बाजू सुटून जीवघेणे अपघात झाले. ऑडीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या, सस्पेन्शनमध्ये फेरबदल करावे लागले आणि मागे स्पॉयलर बसवावा लागला. कारखान्यातल्या अभियंत्यांचाही हा तोल चुकू शकतो. पावसाळ्यात घाटात ओल्या रस्त्यावर अचानक म्हैस आडवी आली आणि पाय घाईने ॲक्सलरेटरवरून उचलला, तर मागून हलकी झालेली गाडी सावरायची वेळ कुणावरही येऊ नये. मागचा बार बसवायचाच असेल तर तो कमीजास्त करता येणारा घ्या, सगळ्यात मऊ खाचेवर ठेवा, आणि मागचे टायर पुढच्यांपेक्षा जुने असू देऊ नका. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे बघा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षांच्या कडक झालेल्या टायरवर कुठलंच सस्पेन्शन जादू करणार नाही.

सगळं जोडून झाल्यावर गाडी थोडे दिवस चालवा, स्प्रिंगा आणि बुश बसू द्या, मग व्हील अलाइनमेंट करा. या गाडीत पुढचा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, टाय रॉडने बदलता येतो. कॅम्बरसाठी, म्हणजे चाकाच्या उभ्या कलासाठी, वेगळी सोय नाही, फक्त सबफ्रेम (आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) डावी-उजवीकडे सरकवून दोन्ही बाजू सारख्या करता येतात. मागच्या बीमला काहीच फिरवता येत नाही, पण त्याचे आकडे घ्याच. ते डाव्या-उजव्या बाजूला फार वेगळे आले तर कधीतरी ॲक्सल वाकलेला आहे आणि आधीच्या मालकाने ते सांगितलेलं नाही. टाकी पूर्ण भरलेली आणि टायरमध्ये बरोबर हवा असू द्या, नाहीतर आकडे खोटे येतात.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. मूळ उंची राखून चांगले शॉकअप आणि बुश टाकणं ही देखभाल आहे. जमिनीला टेकवलेली गाडी मात्र तपासणीत लक्ष वेधून घेते, आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला निमित्त देते. शॉकअप, बुश, माउंटिंग यांची बिलं आणि अलाइनमेंटचा छापील कागद गाडीच्या फायलीत लावून ठेवा. गाडी विकताना जाणकार गिऱ्हाईक तीच आधी मागतं.